गावचं घर वाचनालयाला देताना

गेल्या वर्षी आम्ही तिघा भावंडांनी सातारा जिल्ह्यातलं आमचं गावचं घर गावच्या सार्वजनिक वाचनालयाला बक्षीसपत्राने देऊन टाकलं. तेव्हापासून "आम्हालाही असं काहीतरी करायचंय, कसं केलंत?" असं विचारणारे भेटत असतात. त्यातले निम्मे कागदपत्रांबद्दल विचारतात. उरलेले निम्मे जरा आवाज खाली आणून "पण घरच्यांनी करू दिलं?" असं विचारतात. दोन्हींची उत्तरं एकमेकांत इतकी अडकलेली आहेत की वेगवेगळी देता येत नाहीत. म्हणून सगळं एकदा लिहून काढतो.

आधी घराबद्दल. वडील मुंबईत दाणाबंदरला माथाडी होते. गावच्या लोकांच्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळ्या लावून झोपायची. आई आणि आम्ही गावाला. १९६९ चा माथाडी कायदा झाला, बोर्डं आली, आणि पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला फंड, ग्रॅच्युइटी, पगारी रजा हे शब्द लागू झाले. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील आमच्याच जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. आमच्याकडे देव्हाऱ्याशेजारी त्यांचा फोटो होता. पुढे फंडाचे पैसे हातात आले तेव्हा वडिलांनी घर बांधलं. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परडं, वर स्लॅबची माडी. माडीच्या कपाळावर सिमेंटमध्ये त्यांचं नाव आणि साल. गावातले म्हणायचे, यानं पाठीवरनं माडी वाहून आणली. वडिलांच्या लेखी आयुष्यात काय मिळवलं याचं उत्तर तेवढंच होतं आणि ते रस्त्यावरून दिसायचं.

माझं उत्तर वेगळ्या जागी होतं. मी भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. हिशेबाच्या माणसाला खोड असते, तशी माझी एक एक्सेल फाइल होती. दर महिन्याच्या एक तारखेला त्यात आकडे भरायचे: मुदत ठेवी, पीपीएफ, म्युच्युअल फंड, पुण्यातला फ्लॅट, सोनं, गावचं रान, गावचं घर. खाली बेरीज. निवृत्तीला ती बेरीज किती असायला हवी तो आकडा मी चाळिशीतच ठरवून पिवळ्या रंगात लिहून ठेवला होता. निवृत्त झाल्यावर काही महिन्यांत तो ओलांडला. मी फाइल सेव्ह केली आणि नळाला पाणी आलंय का ते बघायला उठलो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. आता काय करायचं त्याचं?" तिने सहज विचारलं होतं. मी वीस टक्के वाढवून नवा आकडा लिहिला.

नवा आकडा गाठायचा सरळ रस्ता म्हणजे गावचं घर विकायचं, त्यात थोडी भर घालायची आणि वाकडला एक टू बीएचके घेऊन भाड्याने द्यायचा. आई गेल्यापासून घराला कुलूप होतं. जत्रेला जायचं, जाळी काढायची, वाळवी बघायची, परत कुलूप. गावात होमस्टे काढू पाहणारं एक गिऱ्हाईकही होतं आणि दर वाईट देत नव्हतं.

वाचनालय मध्ये आलं ते जत्रेत. आमच्या गावचं वाचनालय जुनं आहे, चावडीशेजारच्या एका खोलीत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य, 'ड' वर्ग. 'ड' वर्ग म्हणजे काय ते शहरात वाढलेल्यांना सांगायला हवं. राज्यातल्या मान्यताप्राप्त वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. 'ड'ला वर्षाचं अनुदान सगळ्यात कमी. पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, दुरुस्ती आणि ग्रंथपालाचं मानधन, सगळं त्यातच. आमची ग्रंथपाल बाई सकाळी अंगणवाडीत मदतनीस आहे आणि संध्याकाळी वाचनालय उघडते. खोलीत दोन कपाटं, एक टेबल, आणि पेपर वाचायला आलेले चार म्हातारे बसले की जागा संपते. पण गावातली पोलीस भरतीची, तलाठ्याची, एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी बसणार कुठे? मुलगे देवळाच्या ओवरीत बसायचे. मुलींना ओवरीतही बसता येत नव्हतं.

वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत, सगळे गुरुजीच म्हणतात. त्यांनी जत्रेच्या जेवणात मला गाठलं. "सोपा उघडा ठेवता का, परीक्षेपुरता? किल्ली माझ्याकडे राहील." मी दिली. त्यात औदार्य वगैरे काही नव्हतं. घर हवेशीर राहील, वाळवी लागणार नाही, असा हिशेब होता.

पुढे कधीतरी रानाच्या कामासाठी, न कळवता, आडदिवशी गावी गेलो. दारात चपलांचा ढीग. आत सोप्यात सतरंजीवर दहा-बारा मुली, भिंतीला टेकून, मांडीवर पुस्तकं. नेहमीच्या सवयीने मी "काय चाललंय?" म्हणत मोठ्याने आत शिरलो. कोपऱ्यातल्या एका मुलीने वर न बघता तोंडावर बोट ठेवलं. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. खांबाला एक पत्र्याचा डबा लटकवलेला होता, वर खडूने 'लाईटबिल' लिहिलेलं. आत दहा-दहाच्या नोटा. मी चपला काढून माजघरातून मागे परड्यात गेलो आणि तिथेच बसून राहिलो. त्या घरातून मला गप्प बसवून बाहेर काढण्याचा अधिकार आईनंतर कुणीच बजावला नव्हता.

त्या रात्री पुण्याला परतताना होमस्टेवाल्याला फोन करायचा होता. केला नाही. पण द्यायचंच असंही लगेच ठरलं नाही. बरेच महिने मी मधला रस्ता शोधत होतो.

त्या शोधात भिलारला जाऊन आलो. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. राज्य शासनाच्या उपक्रमात गावकऱ्यांनी आपल्या घरातल्या खोल्या, पडव्या, लॉजच्या बैठका पुस्तकांसाठी मोकळ्या करून दिल्या. सुरुवातीला अशी पंचवीस ठिकाणं होती. मी एका घरात तास-दीड तास बसलो. आतल्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या चालू, बाहेर मी वाचत. घर त्यांचं, पुस्तकं सगळ्यांची. परत येताना वाटलं, आपणही असंच करावं, मालकी ठेवून सोपा द्यावा. पण भिलारला मालक घरात राहतो. आमच्याकडे मालक दीडशे किलोमीटरवर, आणि सोपा माझ्या मर्जीवर उघडा. उद्या माझा मुलगा किंवा त्याची मुलं "किल्ली द्या" म्हणाली की संपलं.

मग सीए मित्राला विचारलं. तो हसला. "तू अकाउंट्सचा माणूस आणि असं करतोस? घर विक. पैसे दे संस्थेला, ८० जीची नोंदणी असेल तर वजावट तरी मिळेल. वस्तूरूपात दिलेल्या देणगीला ८० जी लागू होत नाही." बरोबर होतं त्याचं. ८० जी म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातलं देणगीच्या वजावटीचं कलम. ते फक्त पैशाच्या देणगीला, आणि रोख दिली तर दोन हजारांपर्यंतच. जमीन, घर, पुस्तकं, धान्य काहीही दिलं तरी वजावट शून्य. पण घर विकून पैसे दिले असते तर वाचनालयाने त्याच गावात तेवढी जागा कुठून घेतली असती? गावठाणात विकायला जागा नाही. त्यांना पैशापेक्षा चार भिंती हव्या होत्या.

वकिलांकडे गेलो ते अटींची यादी घेऊन. वडिलांचं नाव दर्शनी भागात राहील. माडीवरची एक खोली जत्रेसाठी आमच्याकडे राहील. इमारतीत बदल करायचा तर आमची लेखी संमती लागेल. आणि वाचनालय नीट चालत नाही असं आम्हाला वाटलं तर घर परत घेता येईल. वकीलबाई तरुण होत्या, साताऱ्यातच प्रॅक्टिस करणाऱ्या. त्यांनी यादी वाचली आणि शांतपणे विचारलं, "काका, द्यायचंय की भाड्याने द्यायचंय?"

मग त्यांनी समजावलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम १२२ नुसार बक्षीस म्हणजे स्वखुशीने, मोबदल्याशिवाय दिलेलं, आणि घेणाऱ्याने देणारा हयात असतानाच स्वीकारलेलं. स्थावर असेल तर कलम १२३ प्रमाणे दस्त नोंदवायलाच हवा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. आणि कलम १२६: देणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा परत घेता येईल असं बक्षीस मुळातच रद्दबातल. दात्याच्या मर्जीबाहेरची एखादी ठरावीक घटना घडली तर बक्षीस रद्द व्हावं, एवढं दोघांच्या संमतीने ठरवता येतं. "आम्हाला वाटलं तर" हे चालत नाही.

"मग मृत्युपत्र करतो," मी म्हणालो. "आमच्यामागे वाचनालयाला."

"करा की. त्यात तुमचं काहीच जात नाही," बाई म्हणाल्या. टोमणा होता की कायद्याची माहिती, कळलं नाही. दोन्ही खरं होतं. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. दानशूर म्हणून मिरवता येतं आणि घरही आपल्याच नावावर राहतं. आणि सोप्यातल्या त्या मुलींच्या परीक्षा माझ्या मरणाची वाट बघत थांबणार नव्हत्या.

वाचनालयाने पुढे घर विकून टाकलं तर काय, ही माझी खरी भीती होती. त्यावर कायदा आधीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. म्हणजे माझ्या संमतीची अट घालण्यापेक्षा मजबूत कुलूप सरकारने आधीच घालून ठेवलंय.

गुरुजींना अटींचं कळल्यावर त्यांनी वाद घातला नाही. गाडगेबाबांची गोष्ट सांगितली, शिक्षक सांगतात तशी, सालासकट. बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, एकीतही आपलं बिऱ्हाड केलं नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. "खोली ठेवली होती का स्वतःला?" एवढंच विचारून गुरुजी चहा प्यायला लागले. गाडगेबाबांशी माझी तुलना करणं हा गुरुजींचा अन्यायच होता, पण माडीवरची खोली मी त्या दिवशी खोडली.

आता अक्का आणि ताई. घर वडिलांच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नाही, आई नंतर गेलेली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आम्हा तिघांना सारखा तिसरा हिस्सा. गावाकडची रीत अशी की बहिणींनी भावाच्या नावाने हक्कसोडपत्र करून द्यायचं, भावाने साडीचोळी करायची, आणि मग भाऊ त्याचं काय करायचं ते करेल. कुणीही सल्ला द्यायचा तर हाच देत होता: आधी हक्कसोड घ्या, एकट्याच्या नावावर करा, मग बक्षीसपत्र सोपं. दस्तात एकच नाव येईल.

ताई कोपरखैरण्याला असते. ती फोनवरच हो म्हणाली. अक्का कराडजवळ, तिच्याकडे मी जाऊन आलो. ती शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, कलमांसकट. तिने ऐकून घेतलं. दाजी मधेच म्हणाले, "हिच्या हिश्श्याचं काय ते बघा की आधी." अक्काने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सोडायचंच हाय तर तुझ्या नावावर कशाला सोडू?" ती मला म्हणाली. "मी तुला द्यायचं, आन् तू वाचनालयाला द्यायचं. मधी तू कशाला? मी माझं दीन की सरळ."

मी म्हटलं, तसंही चालेल, फक्त तुला सही करायला साताऱ्याला यावं लागेल.

"येईन. रानाच्या टायमाला आले नव्हते का?" मग शेंगा तशाच ठेवून ती म्हणाली, "सातवीतनं नाव काढलं माझं. म्हशी बघायला माणूस नव्हतं म्हणून. तू म्हणतोस सोप्यात पोरी बसत्यात अभ्यासाला. मग मला सही करू दे, भाऊ."

रानाचा विषय तिने टोचायला काढला नव्हता. पण मी पुण्याला आल्यावर फाइल उघडली. वडील गेल्यावर रानाचं हक्कसोडपत्र झालं होतं. त्या महिन्याच्या खर्चात नोंद सापडली: दोन साड्या, हॉटेलात जेवण, गाडीभाडं. आणि त्याच महिन्यात वर, मालमत्तेच्या बाजूला, रानाची अख्खी किंमत माझ्या नावाने जमा. नोंद चोख होती. दोन्ही बाजू जुळत होत्या. फक्त त्या किमतीतले दोन हिस्से मला कुणीतरी दिलेले होते, आणि ते कुठल्याच रकान्यात दिलेले म्हणून दिसत नव्हते. मी ज्या बेरजेला माझी कमाई म्हणत आलो, तिच्यात अक्काची आणि ताईची देणगी होती. तिला ना पावती, ना सत्कार, ना ८० जी. महाराष्ट्रातल्या किती बायकांनी अशा किती एकरांवर अंगठे उठवले असतील, आणि गावच्या देणगीदारांच्या पाटीवर त्यांच्या भावांची नावं असतील!

सवय वाईट. मी आणखी एक गणित केलं. घराचा माझा तिसरा हिस्सा माझ्या एकूण बेरजेच्या चार टक्केही नव्हता. मग मनातल्या मनात अक्काच्या घरची बेरीज मांडली. दाजींची एसटीची निवृत्तिवेतनाची तुटपुंजी रक्कम, दोन खोल्या, एक म्हैस. तिचा तिसरा हिस्सा तिच्या निम्म्या संसाराएवढा होता. पिवळ्या रंगातल्या आकड्याकडे बघायची माझी नजर बदलली असेल तर ती या भागाकाराने. सोप्यातल्या मुलींनी सुरुवात केली, पण मला समजतं ते गणितच.

घरच्यांनी करू दिलं का? बायकोचा एकच प्रश्न होता, जत्रेला गेल्यावर झोपायचं कुठे. चुलतभावाकडे, असं ठरलं आणि तो विषय संपला. मुलाचं तसं नव्हतं. त्याचं हिंजवडीला गृहकर्ज चालू आहे. तो दोन दिवस काही बोलला नाही, मग जेवताना म्हणाला, "पप्पा, मला वाटलं होतं ते विकून तुम्ही माझं थोडं प्रीपेमेंट कराल. मी मागितलं नसतं, पण वाटलं होतं." त्याच्या म्हणण्यात चूक काहीच नव्हतं. आपण देतो तेव्हा थोडंफार दुसऱ्याच्या ताटातलंही जातं, आणि दानाच्या गोष्टी सांगणारे हा भाग सहसा गाळतात. त्याच्याशी मी वाद घातला नाही, समजूतही घातली नाही. अजूनही तो विषय निघाला की तो मोबाइल बघतो. बघू दे.

आता कागद. ज्यांना हे करायचंय त्यांनी इथे नीट लक्ष द्या, कारण मनाची तयारी होऊनही माणसं कागदात अडकतात.

आमच्या गावठाणाची स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेली होती, मिळकत पत्रिका आलेली होती, पण वडिलांच्या नावावर. तिच्यावर वारस नोंद भूमी अभिलेख कार्यालयात करायची आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वेगळी करायची. दोन्हीकडचं क्षेत्रफळ जुळेना, कारण नमुना ८ वर परडं धरलेलंच नव्हतं. ते जुळवण्यात एक पावसाळा गेला.

त्याहून मोठी अडचण घेणाऱ्याच्या बाजूची निघाली. वाचनालय १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं. वकीलबाईंनी परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा मागवला. त्यात सात विश्वस्तांची नावं होती आणि त्यातले चार देवाघरी गेलेले. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आमच्या वाचनालयाने कित्येक वर्षं दिला नव्हता. खेड्यातल्या बहुतेक संस्थांचं हेच असतं. कागदावर गुरुजी अध्यक्षच नव्हते. मग बक्षीस स्वीकारायचा ठराव करणार कोण आणि दस्तावर सही करणार कोण? सगळे जुने बदल अर्ज विलंबमाफीसह दाखल करणं, मृत्यूचे दाखले गोळा करणं, जुनी इतिवृत्तं शोधणं, ऑडिट पूर्ण करणं, यात सगळ्यात जास्त वेळ गेला. म्हणून कुणी विचारलं तर मी पहिली गोष्ट हीच सांगतो: घर देण्याआधी संस्थेचं परिशिष्ट १ मागवून बघा, आणि संस्थेचा पॅन आहे का तेही.

पैसे लागतात, देतानाही. नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. संस्थेला दिलं तर खरेदीखताएवढंच, रेडी रेकनरच्या बाजारमूल्यावर. शिवाय नोंदणी फी एक टक्का, तीस हजारांच्या मर्यादेत. वाचनालयाकडे तेवढे पैसे असते तर ते 'ड' वर्गात कशाला राहिलं असतं? आम्ही तिघांनी भरायचं ठरवलं. अक्काचा वाटा मी भरतो म्हटलं, तर तिने भिशीचे पैसे पदरातून काढून समोर ठेवले. मी ते मोजून घेतले. तिथे नको म्हणणं म्हणजे परत तिला देणाऱ्यांतून बाहेर काढणं झालं असतं.

दस्ताच्या मसुद्यात एक गंमत झाली. बक्षीसपत्रात ठरलेलं वाक्य असतं, 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी'. वाचनालयावर नैसर्गिक प्रेम कसं लिहायचं? वकीलबाईंनी 'वाचनालयाच्या कार्याबद्दलच्या आस्थेपोटी' असं केलं. ताईने व्हॉट्सॲपवर मसुदा वाचून विचारलं, "प्रेम का काढलं?" ते पुन्हा घातलं.

दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठे होतात. अक्काचा अंगठा यंत्राला वाचता येईना. शेणामातीत, भांडी घासण्यात रेषा झिजलेल्या. ऑपरेटर म्हणाला, पुसून ठेवा. तिने पदराला पुसला, परत ठेवला. नाही. त्याने ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं. नाही. मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी ऑपरेटरने स्वतः तिचा अंगठा धरून काचेवर दाबून ठेवला तेव्हा पडद्यावर हिरवी खूण आली. "इतक्या मेहनतीनं तर घर बांधलं नसंल आमच्या नानांनी," ती म्हणाली, आणि रांगेतलेही हसले. गुरुजींनी घेणाऱ्याच्या जागी सही केली, गावातले दोघे साक्षीदार झाले. दुपारी सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, हातात आली. विलेखाचा प्रकार: बक्षीसपत्र. मोबदला: ०. खालच्याच ओळीत बाजारभाव, पूर्ण आकडा. करून देणार म्हणून तीन नावं, पहिलं अक्काचं.

गावात सत्कार झाला. फ्लेक्सवर माझाच फोटो, पागोट्यातला, कॉम्प्युटरवर चढवलेला, आणि 'दानशूर' हे विशेषण. ताईने त्याचा फोटो काढून आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकला: "आम्ही कुठल्या कोपऱ्यात आहोत?" मी गुरुजींना सांगितलं, त्यांनी मंडळाच्या पोरांना सांगितलं. फ्लेक्स उतरला नाही, छापायचे पैसे गेले होते म्हणे. पण भिंतीतली पाटी नंतर आली तिच्यावर तिघांची नावं आहेत, वयाप्रमाणे.

मध्यंतरी गुरुजींचा फोन आला. मुलींसाठी स्वच्छतागृह हवं होतं, म्हणून स्वयंपाकघराची मागची भिंत पाडली आणि चूल काढली. फोन विचारायला नव्हता, कळवायला होता. तसा तो असायलाच हवा. मी बरं म्हटलं. मग आईची चूल म्हणून जरा वेळ वाईट वाटलं, तेही सांगून टाकतो. अक्काला कळवलं तर तिने विचारलं, नळ किती बसवले?

फाइल अजून आहे. सोन्याचा भाव मी अजून बघतो, शेअर बाजार पडला की रक्तदाब चढतो. घर दिल्याने मी काही विरक्त झालेलो नाही. वाकडचा फ्लॅट घेतला नाही. पिवळा आकडा काढून टाकला आणि बेरीज आता फक्त आयकराचं विवरणपत्र भरताना बघतो. रानाच्या नोंदीसमोर मात्र एक शेरा लिहिलाय, आणि त्या दोन हिश्श्यांचं काय करायचं याबद्दल अक्का-ताईंशी बोलणं चालू आहे. अक्का म्हणते, ऊस तुटू दे, मग बघू.

गुरुजींनी मला विश्वस्त व्हा म्हणून गळ घातली. नाही म्हटलं. देणारा समितीत बसला की प्रत्येक ठरावाच्या वेळी लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. हिशेब मात्र लिहून देतो. परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट ९ म्हणजे उत्पन्न-खर्च, सगळं दरवर्षी वेळेत जायला हवं, नाहीतर 'क' वर्गाचा प्रस्ताव अडकेल. सध्या ऑडिटरशी एकच मुद्दा अडलाय. इमारत ताळेबंदात कितीला दाखवायची? तो म्हणतो, मुद्रांक शुल्क ज्या बाजारभावावर भरलं तेवढ्याला. मी म्हणतो, फुकट मिळालेली मालमत्ता नाममात्र एक रुपयाला दाखवायची पद्धत आहे. दोघांकडेही आपापले आधार आहेत. ३१ मार्चच्या आत काय ते ठरवायचंय.